रझाकार: 17 सप्टेंबरनंतर काय झालं?

आज एका सिनेमाबद्दल बोलायचंय. पण बोलता बोलता आपण आपल्याच जिल्ह्यात येऊन पोचणार आहोत, तेव्हा हेडफोन नीट लावा.

मार्च 2024 मध्ये तेलुगूत 'रझाकार' आला. दिग्दर्शक याटा सत्यनारायण, कासिम रझवी झालाय राज अर्जुन आणि निजाम आपले मकरंद देशपांडे. (मराठीत 2015 ला सिद्धार्थ जाधवचा 'रझाकार' येऊन गेला होता, तो वेगळा.) मी नोकरीला हैदराबादला, म्हणून ऑफिसातल्या दोघांबरोबर थिएटरात जाऊन पाहिला. शेवटी भारतीय फौज येते तेव्हा लोक शिट्ट्या मारत होते. मीपण मारली, खोटं कशाला बोलू.

कारण आमच्या घरात रझाकार हा शब्द सिनेमातून आलेला नाही. आजी अजून वर्षं मोजताना 'रझाकारीच्या आधी' आणि 'रझाकारीनंतर' असंच म्हणते. ती लहान होती तेव्हा रात्रीत बैलगाडी जुंपून घरातले सगळे बार्शीकडं पळाले होते. बार्शी म्हणजे तेव्हाचा मुंबई इलाखा, आणि आपला मुलूख म्हणजे लोकांच्या तोंडी 'मोगलाई'. मधे हद्द. ती ओलांडली की जीव वाचला.

त्यामुळं सिनेमातली दहशत खोटी आहे असं मी म्हणणार नाही. कासिम रझवी तर आपल्याच भागातला वकील. लातूरला वकिली करायचा, आणि 1982 पर्यंत लातूर आपल्याच जिल्ह्यात होतं, हे कितीजणांना माहितीय? 1946 ला तो इत्तेहादुल मुसलमीनचा अध्यक्ष झाला आणि रझाकारांची ताकद वाढत गेली. गावं लुटणं, पैसे उकळणं, माणसं मारणं, हे सगळं झालं. ऑगस्ट 1948 मध्ये शोएबउल्ला खान या तरुण संपादकाचा हैदराबादेत खून झाला, कारण तो भारतात सामील व्हा असं लिहीत होता. म्हणजे मुसलमानांपैकी जो विरोधात बोलला, तोही सुटला नाही.

मग माझी अडचण काय? सिनेमाचा मुख्य धागा आहे 'मुक्ती'. आधी अंधार, मग सरदार पटेल, मग फौज, मग तिरंगा, आणि पडदा. कोडिंग करणाऱ्यांना कळेल: लॉग फाईल बरोबर आहे, फक्त शेवटची पानं कापलीत. आणि कापलेल्या पानांवर सगळ्यात जास्त वेळा नाव येतं ते उस्मानाबादचं.

13 सप्टेंबर 1948 ला फौज सोलापूरकडून आत शिरली. पहिली लढाई कुठं? नळदुर्गला. बोरी नदीवरचा पूल शाबूत हाती लागला आणि हैदराबादचा रस्ता मोकळा झाला. 17 तारखेला निजामानं हार मानली. पाच दिवसांत विषय संपला, असं आपण दरवर्षी झेंडावंदनाला ऐकतो.

त्यानंतर काही आठवड्यांतच दिल्लीत वाईट बातम्या पोचायला लागल्या. पंडित सुंदरलाल, काझी अब्दुल गफ्फार आणि सोबतचे लोक नोव्हेंबरच्या शेवटी इकडं आले आणि डिसेंबरात जवळपास तीन आठवडे जिल्ह्याजिल्ह्यांतून फिरले. त्यांच्या अहवालात लिहिलंय की कारवाई दरम्यान आणि नंतर संस्थानात कमीत कमी 27 ते 40 हजार माणसं मारली गेली असावीत, आणि मारले गेलेले बहुतेक मुसलमान. सगळ्यात जास्त झळ बसलेले चार जिल्हे सांगितलेत: उस्मानाबाद, गुलबर्गा, बिदर आणि नांदेड. या चारांत मिळून 18 हजारांपेक्षा कमी नाहीत, असा त्यांचा अंदाज. लातूर शहरात कत्तल वीसेक दिवस चालली, आणि दहा हजारांच्या आसपास मुसलमानांपैकी त्यांना जेमतेम तीन हजार दिसले. बाकीच्यांत हजारावर मेलेले, उरलेले पळून गेलेले.

हा अहवाल सरकारनं छापला नाही. उमर खालिदी यांनी 1988 च्या पुस्तकात त्यातला भाग दिला, पुढं ए. जी. नूराणी यांनी 2013 ला 'द डिस्ट्रक्शन ऑफ हैदराबाद' मध्ये तो मांडला. आता नीट ऐका. ही जनगणना नाही, तीन आठवड्यांच्या फिरतीवरून केलेला अंदाज आहे. आकड्यावर वाद घालता येतो, घालावाही. पण तो दाखवून 'रझाकार काही इतके वाईट नव्हते' म्हणणारे लोकही व्हॉट्सॲपवर भेटतात. त्यांनी अहवाल वाचलेला नसतो, कारण रझाकारांचे अत्याचार त्यातही नोंदवलेत.

मला जास्त उपयोग झाला तो सुनील पुरुषोत्तम यांच्या लेखाचा, 2015 सालच्या. ते पोलीस ॲक्शनला पाच दिवसांची गोष्ट मानतच नाहीत. हद्दीवर आधीपासून दोन्ही बाजूंनी हत्यारं, टोळ्या, धाडी चालू होत्या. इकडून रझाकार, तिकडून सीमेवरचे कॅम्प. फौज आली, निजामाची सत्ता कोसळली, आणि आधीच पेटलेल्या मुलखात गावोगावचे हिशेब चुकते झाले. असं पाहिलं की आमच्या आजीची बैलगाडी आणि लातूरची ती वीस दिवसांची गोष्ट एकाच रस्त्यावर येते. सिनेमाला हे झेपत नाही. त्याला एक खलनायक पाहिजे आणि एक शेवट पाहिजे.

अहवालातली एक गोष्ट मात्र खरंच कुणीतरी पडद्यावर आणावी. काही ठिकाणी हिंदू विणकरांनी मुसलमान विणकरांना वाचवलं, आणि त्यात स्वतःचा जीवही गमावला. एकाच धंद्यातली माणसं, रोजची ओळख. त्यांची नावं कुठं लिहून ठेवलेली नाहीत.

सिनेमा पाहून गावाकडं आलो तेव्हा आजीला विचारलं, "ॲक्शननंतर तुम्ही परत आलात तेव्हा गाव कसं होतं?" ती म्हणाली, "निम्मं मोकळं होतं बाबा." इतकंच. मग चुलीकडं वळली.

आमच्या एका वावराला अजून 'मुल्लाचं रान' म्हणतात. लहानपणी वाटायचं, नावच आहे ते. आता गावात मुल्ला आडनावाचं एकही घर नाही. वडलांना विचारलं, हे रान आपल्याकडं कधी आलं, विकत घेतलं का? ते म्हणाले, "जुनं हाय, उकरून काय करतो?" रागावून नाही म्हणाले, पण पुढं बोललेही नाहीत.

मराठवाड्यात जमिनीचं 1954 चं खासरा पत्रक असतं, तहसीलला नक्कल मिळते. त्या गट नंबरची नक्कल काढायला अर्ज लिहून ठेवलाय. लॅपटॉपच्या बॅगेतच आहे, मागच्या दोन सुट्ट्यांपासून.