गायलेले मत आणि अंधारी खोली

१/ मतदान हा हक्क की कर्तव्य? अर्जेंटिनाने या प्रश्नाचे उत्तर १९१२ मध्येच कायद्याने देऊन टाकले. मात्र त्या सक्तीचा रोख आळशी मतदारावर कमी आणि त्याला धाक घालणाऱ्यांवर अधिक होता. कसा, ते पाहू.

२/ त्यापूर्वी तेथे मत सर्वांसमक्ष तोंडी सांगण्याची रीत होती. लोक त्याला ‘गायलेले मत’ म्हणत. ते ऐकायला स्थानिक पुढारी हजर असत. विरोधात बोलावे तर रोजगार जाण्याची भीती. म्हणून अनेक जण घरीच थांबत. १८८० पासून एकच जमीनदारी वर्तुळ सत्तेवर टिकले, ते बऱ्याच अंशी याच रीतीच्या जोरावर.

३/ रॅडिकल पक्षाने १८९३ आणि १९०५ मध्ये सशस्त्र उठाव केले. ते फसले. मग पक्षाने निवडणुकांवर बहिष्कार घातला. मतपेटी होती, पण तिच्यावरचा विश्वास उडाला होता.

४/ १९१० मध्ये राष्ट्राध्यक्ष झालेले रोके साएन्स पेन्या हे त्याच सत्ताधारी वर्तुळातले. त्यांच्या पुढाकाराने झालेल्या कायद्याने १८ वर्षांवरील पुरुष नागरिकांचे मतदान गुप्त आणि सक्तीचे केले. मतदारयादी लष्करी नोंदणीवरून घेतली, त्यामुळे नावे गाळण्याची पुढाऱ्यांची सोय संपली.

५/ मतदाराने बंद खोलीत एकट्याने जायचे, हव्या त्या पक्षाची चिठ्ठी पाकिटात घालायची आणि पाकीट मतपेटीत टाकायचे. या खोलीचे नाव ‘अंधारी खोली’. सक्तीने माणूस दारापर्यंत आणला. गुप्ततेने त्याला आत मोकळे केले. यांपैकी एकच गोष्ट असती, तर दुसरीविना ती व्यर्थ गेली असती.

६/ १९१६ मध्ये रॅडिकल नेते इपोलितो इरिगोयेन निवडून आले आणि जुने वर्तुळ पायउतार झाले. साएन्स पेन्या मात्र १९१४ मध्येच निवर्तले होते.

७/ तरीही ‘सर्व’ या शब्दात सर्व नव्हते. १९१४ च्या जनगणनेनुसार सुमारे तीस टक्के रहिवासी परदेशात जन्मलेले होते; त्यांतील बहुतेकांनी नागरिकत्व न घेतल्याने ते मतदानाबाहेर राहिले. स्त्रियांना हा हक्क १९४७ च्या कायद्याने मिळाला. राष्ट्रीय निवडणुकीत त्यांनी प्रथम मत दिले ते १९५१ मध्ये.

८/ १९३० मध्ये लष्कराने इरिगोयेन यांना पदच्युत केले. पुढील दशकात निवडणुका झाल्या, मतदानाची सक्तीही कायम होती. पण गैरप्रकार इतके उघड होते की सत्ताधाऱ्यांचे समर्थक त्यांना ‘देशभक्तीची लबाडी’ म्हणत.

९/ आज १८ ते ७० वयोगटाला मतदान सक्तीचे आहे. १६-१७ वर्षांच्या तरुणांना २०१२ पासून ते ऐच्छिक आहे. आजारी व्यक्तींना आणि केंद्रापासून ५०० किलोमीटरहून दूर असणाऱ्यांना सूट मिळते. गैरहजेरीचा दंड किरकोळच.

१०/ १९१२ च्या कायद्याने नागरिकाला मतपेटीपर्यंत यायला लावले. ती मतपेटी प्रामाणिक ठेवण्याचे बंधन राज्यकर्त्यांवर होते. १९३० नंतर मोडले ते हे दुसरे बंधन. नागरिक येतच राहिला.