मसाई मारा, मार्गे हरवाडी

लातूरच्या घरात दिवाणावर सफारीचा कागद पसरलाय. नैरोबी, अंबोसेली, नाकुरू, मसाई मारा. मग हद्द ओलांडून सेरेंगेटी. जुलै ते ऑक्टोबरात गेलात तर मारा नदी पार करणारे विल्डबीस्टचे कळप दिसतील. पिवळ्या तापाची लस निदान दहा दिवस आधी घ्यायची. नांदेडहून दाजींचा फोन येतो, "बाकी काही दिसो न दिसो, पाणघोडा दिसलाच पाहिजे!"

पाणघोड्यासाठी एवढं लांब कशाला? आपल्या मांजरेकाठी, हरवाडीला चला. व्हिसा लागत नाही, दरड तेवढी उतरायची.

वर काळी माती, सोयाबीनची मुळं. खाली पिवळसर गाळ, त्यात चुनखडीचे खडे. एकेका पावलात हजारो वर्षं मागं पडतात. बोअरची मोटर बंद पडते, मग देवळाचा भोंगा, मग गाडीबैलांची घुंगरं. तळाच्या गोट्यांवर पाय टेकता तेव्हा उत्तर प्लाइस्टोसीन चालू असतो: 1,29,000 ते 11,700 वर्षांपूर्वीचा काळ.

कंबरभर गवत. पलीकडं हत्ती, रानघोडे, आणि ज्याच्यापुढं आपला देवणी वळू वासरू वाटावा असा रानबैल. तुम्ही उघड्यावर उभे आहात. जीप नाही, गाइड नाही. डोहात काळे दगड दिसतात. त्यातल्या एकाचे कान हलतात. तुम्ही मोजता: चौदा.

उन्हात त्यांची कातडी सुकून तडकते, म्हणून दिवस पाण्यातच काढायचा. सांजेला बाहेर येऊन रात्रभर चरायचं, एकेकानं चाळीसेक किलो गवत. फाटक नाही, तिकीट नाही. नदी धरून खाली जावं तर आजच्या नांदेड जिल्ह्याच्या कडेकडेनं थेट गोदावरीच लागते.

पुण्याच्या डेक्कन कॉलेजच्या संशोधकांनी या थरांतून पाणघोड्याची, हत्तीची, रानबैलांची हाडं काढली. मला त्यांत पाणघोड्याचं हाड सर्वांत बोलकं वाटतं. हत्ती पाण्यासाठी मैलोन्‌मैल चालेल, पाणघोड्याचं तसं नाही. त्याचं हाड म्हणजे मांजरेला बारमाही डोह होता याची पावतीच. (शहामृगही हवा असेल तर वाट वाकडी करून जळगावकडं पाटण्याला जा, तिथं त्याच्या अंड्याचं नक्षी कोरलेलं कवच मिळालंय, सुमारे 25,000 वर्षांपूर्वीचं.)

वर चढताना पाऊल चुकतं. आजच्या थोडं अलीकडंच तुम्ही बाहेर पडता. एप्रिल 2016. मांजरा धरण कोरडं. मिरजेहून आलेली गाडी लातूरला उभी आहे. दहा वाघिणी, पाच लाख लिटर पाणी. तुमच्या हातात घागर. टाक्यांपाशी गर्दी नको म्हणून मध्यंतरी जमावबंदी लागली होती: पाच जणांनी एकत्र जमायचं नाही.

मघाशी डोहात चौदा होते.