पितळी फिल्टर आणि जायफळ

१/ १९३०च्या दशकातील जागतिक मंदीत कॉफीचे भाव कोसळले. देशातच गिऱ्हाईक निर्माण व्हावे म्हणून कॉफी सेस कमिटी स्थापन झाली; १९३६ साली मुंबईत चर्चगेटला इंडिया कॉफी हाऊस उघडले.

२/ मुलुंड-घाटकोपरच्या स्वयंपाकघरांत मात्र पितळी फिल्टर आणला तो दक्षिणेतून नोकरीसाठी आलेल्या कुटुंबांनी. वरच्या भांड्यात पूड हलकेच दाबावी, उकळीचे पाणी ओतावे, झाकण ठेवावे. डिकॉक्शन थेंबाथेंबाने उतरते. पूड आचेवर राहत नसल्याने कडवटपणा आटोक्यात राहतो. चिकोरीने रंग आणि दाटपणा येतो.

३/ मराठी घरांत पूड दूध-साखरेतच उकळत असे. उतरलेला कडूपणा दूध आणि जायफळ झाकीत.

४/ कमिटीचा इतिहास सरकारी दप्तरांत सापडतो. हे प्रमाण आणि ही रीत तोंडीच पुढे गेली. जाणती माणसे आहेत तोवर ती लिहून ठेवणे अगत्याचे आहे.