लिगामेंट शस्त्रक्रियेनंतरचे नऊ महिने

गुडघ्याच्या आत मांडीचे हाड आणि नडगी यांना तिरकस जोडणाऱ्या लिगामेंटला 'एसीएल' म्हणतात. धावताना अचानक वळल्याने, उडीनंतर पाय वेडावाकडा पडल्याने किंवा दुचाकीच्या अपघातात ते तुटते. अशा वेळी बहुधा रुग्णाच्याच मांडीमागील किंवा वाटीखालील कंडरेचा तुकडा घेऊन दुर्बिणीच्या साहाय्याने नवे लिगामेंट बसवले जाते. शस्त्रक्रिया काही तासांत आटोपते. पुनर्वसनाला मात्र किमान ९ महिने लागतात.

यामागचे कारण समजून घेण्याजोगे आहे. मूळ जागेवरून काढलेल्या कंडरेचा रक्तपुरवठा तुटलेला असतो. शरीर तिच्यात नव्या रक्तवाहिन्या आणि पेशी रुजवते, तेव्हा कुठे तिचे लिगामेंटमध्ये रूपांतर होते. या घडामोडीत साधारण सहाव्या ते बाराव्या आठवड्यात ती सर्वांत कमकुवत असते. नेमक्या याच सुमारास वेदना थांबलेल्या असतात, कुबड्या सुटलेल्या असतात आणि 'आता बरे वाटते' म्हणून व्यायाम सोडून दिला जातो. वेदना थांबणे म्हणजे लिगामेंट तयार होणे नव्हे.

पहिले सहा आठवडे

सूज उतरवणे, गुडघा पूर्ण सरळ करणे आणि मांडीच्या पुढील स्नायूला जागे करणे ही या काळातील उद्दिष्टे होत. गुडघ्यात सूज असेपर्यंत हा स्नायू नीट आवळला जात नाही व झपाट्याने रोडावतो. आराम वाटतो म्हणून गुडघ्याखाली उशी ठेवण्याची सवय घातक ठरते. पाय वाकलेलाच राहतो आणि पुढे लंगडत चालावे लागते. उशी ठेवायचीच तर टाचेखाली ठेवावी. जिना चढताना चांगला पाय आधी टाकावा, उतरताना शस्त्रक्रियेचा. मांडी घालून किंवा उकिडवे बसणे डॉक्टरांच्या परवानगीवाचून करू नये.

पुढील टप्पे

त्यानंतर स्थिर सायकल, अर्ध्या बैठका आणि एका पायावर तोल सांभाळण्याचे व्यायाम येतात. स्नायूंची ताकद पुरेशी आल्यास तिसऱ्या-चौथ्या महिन्यापासून सरळ रेषेत धावणे आणि त्यापुढे उड्या व दिशा बदलण्याचा सराव सुरू होतो. गादीचीही शिवण घातली असेल किंवा एकाहून अधिक लिगामेंट दुरुस्त केले असतील, तर हे वेळापत्रक लांबते.

मैदानावर परतण्याचा निर्णय केवळ दिनदर्शिका पाहून घेता येत नाही. शस्त्रक्रियेच्या पायाची ताकद दुसऱ्या पायाच्या किमान ९० टक्के झाली आहे का, हे मोजून पाहावे लागते. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या डेलावेअर-ऑस्लो अभ्यासात, नवव्या महिन्यापर्यंत खेळ जितका लांबवला, त्या प्रत्येक महिन्यागणिक पुन्हा दुखापत होण्याचे प्रमाण ५१ टक्क्यांनी कमी आढळले. क्रिकेटपटू ऋषभ पंत ३० डिसेंबर २०२२ रोजी मोटार अपघातात जखमी झाला. गुडघ्याच्या शस्त्रक्रियेनंतर त्याला तंदुरुस्त घोषित करण्यात आले ते मार्च २०२४ मध्ये. सर्वोत्तम सुविधा हाताशी असूनही त्याला सुमारे १४ महिने थांबावे लागले.

हे दुर्लक्षू नये

पोटरीत दुखणे किंवा सूज, ताप, जखमेतून स्राव अथवा गुडघा अडकणे अशी लक्षणे दिसताच शल्यचिकित्सकाला गाठावे. अचानक दम लागल्यास क्षणाचाही विलंब न करता रुग्णालयात जावे.

फिजिओथेरपिस्टकडील भेटी आठवड्यातून दोन-तीनच असतात. उरलेले व्यायाम घरी, न कंटाळता करायचे असतात. खर्च वा वेळेअभावी भेटी कमी करायच्या झाल्यास तसे मोकळेपणाने सांगून घरचा कार्यक्रम लिहून घ्यावा. शल्यचिकित्सक नवे लिगामेंट बसवतो. ते टिकवणे मात्र रुग्णाच्याच हाती असते.