डोळे रुळावर, हात मुठीवर : चालत्या वाहनातील टचस्क्रीनचा इतिहास 🧵

१/ चालत्या गाडीत टचस्क्रीन कितपत सुरक्षित, हा वाद आजचा वाटतो. त्याचे मूळ मात्र जुने आहे : नजर समोर खिळलेली असताना हाताला काय सापडते? नाशिक रोडकरांना पुराव्यासाठी फार दूर जावे लागत नाही.

२/ थळ घाटातील लोहमार्ग १८६५ चा; चढ सदतीसास एक. १९२८ पासून आलेली ‘खेकडा’ इंजिने पुढे इगतपुरीपर्यंत चढू लागली. चालक मूठ एकेक खाच पुढे सरकवी, तेव्हा शक्ती वाढे. कितवी खाच, हे तळहात सांगे, डोळे सिग्नलवरच.

३/ आज नाशिक रोडहून जाणाऱ्या विद्युत इंजिनांत बिघाड कळवणारे पडदे आहेत. तरी शक्ती आणि ब्रेक मुठीनेच चालतात. हा जुनाटपणा नव्हे.

४/ टचस्क्रीनचा जन्म मुळात स्थिर जमिनीवरचा. ब्रिटनमधील माल्व्हर्न येथील रडार संस्थेत ई. ए. जॉन्सन यांनी १९६५ मध्ये ती मांडली, ती हवाई वाहतूक नियंत्रकांसाठी. म्हणजे खुर्चीत बसून पडद्याकडेच पाहणाऱ्यांसाठी! १९८६ च्या ब्यूइक रिव्हिएरा मोटारीत ती चालकापुढे आली; काही वर्षांतच कंपनीने ती काढून टाकली.

५/ खरी किंमत समुद्रावर मोजली गेली. २१ ऑगस्ट २०१७ रोजी सिंगापूरजवळ ‘जॉन एस. मॅक्केन’ या अमेरिकी युद्धनौकेची तेलवाहू जहाजाशी टक्कर झाली. १० नौसैनिक मृत्युमुखी पडले. पडद्यावरून नियंत्रण एका जागेवरून दुसरीकडे देताना सुकाणूही नकळत तिकडे गेले आणि ते निकामी झाल्याचा समज झाला. वेग कमी करताना दोन्ही बाजूंची यंत्रे जोडलेली नव्हती. एकच मंदावली, नौका वळली. प्रत्यक्ष दांडे असते, तर एक मागे आणि एक पुढे हे हातालाच कळले असते. २०१९ मध्ये नौदलाने यांत्रिक दांडे परत बसवण्याचे ठरवले.

६/ ओझरच्या एचएएल कारखान्यात बांधलेल्या सुखोई-३० एमकेआयमध्ये पडदे भरपूर; पण लढताना लागणारी कळ वैमानिकाच्या मुठीतच असते.

७/ आता आपला रस्ता. ताशी ६० किलोमीटर वेगाने पुणे महामार्गावरून बिटको चौकाकडे येताना एसीचे चिन्ह शोधण्यात २ सेकंद गेले, तर गाडी सुमारे ३३ मीटर न पाहता धावते. अमेरिकेच्या २०१३ च्या मार्गदर्शक सूचनांनी एका दृष्टिक्षेपाची मर्यादा २ सेकंदच धरली होती. मला तीही उदार वाटते. युरो एनकॅपच्या २०२६ च्या निकषांत इंडिकेटर, हॉर्न, वायपर, धोक्याचे दिवे आणि आपत्कालीन कॉल यांसाठी पुन्हा प्रत्यक्ष बटणे वा दांडे मागितले आहेत.