ग्वाल्हेरचं जहाज आणि आमची चार पिढ्यांची सहल



समुद्राशी आपला ग्वाल्हेरकरांचा काय संबंध, असं कुणीही विचारेल. आमच्या कंपूत पाणी म्हणजे नळाला सकाळी येणारं पाणी, आणि उन्हाळ्यात तेही नाही. पण आमच्या घरात लहानपणापासून एक गोष्ट ऐकत आलो होतो, "महाराजांच्या पांढऱ्या जहाजाची". तिचा खरा हिशेब मला सत्तरी ओलांडल्यावर लागला, तोही एका जहाजावरच.

झालं असं, की 2022 च्या डिसेंबरात आम्ही चौदा जण मुंबई-गोवा-मुंबई क्रूझला गेलो. थोरले दादा तेव्हा चौऱ्यांशीचे. दादा-वहिनी, मी आणि सौ., मग पुण्याची, बंगलोरची मुलं-सुना, नातवंडं आणि दादांची दीड वर्षांची पणती. कल्पना माझ्या धाकट्याची. वरकरणी सहल, खरं कारण म्हणजे कंपूतल्या घराचा निर्णय. पडका वाडाच तो, मागची भिंत दोन पावसाळ्यांत ढासळलेली. मुलं म्हणत होती विका. दादा म्हणत, "मी गेल्यावर काय करायचं ते करा." दोन वर्षं हा विषय निघाला की दादा ताटावरून उठत. धाकटा म्हणाला, "जहाजावरून उठून कुठे जाणार?"

पंजाब मेलने मुंबईला गेलो, बरोबर गजकचे चार डबे. बॅलार्ड पियरला जहाज पाहिलं आणि मान वर करून करून दुखायला लागली. अकरा मजली. कागदपत्रांची तपासणी आमच्या बँकेतल्या केवायसीसारखीच. चढल्यावर सगळ्यांना गोळा करून लाइफ जॅकेट कसं घालायचं ते दाखवलं. दादा व्हीलचेअरवर, ते म्हणाले, "मला नको, मी अण्णांसारखा देवावर हवाला ठेवतो."

अण्णा म्हणजे आमचे आजोबा. शिंदे सरकारच्या फौजेच्या दवाखान्यात कंपाउंडर. पहिल्या महायुद्धात ते महाराजांच्या जहाजावर गेले होते, आणि परत आल्यावर त्यांच्या आईने त्यांना पंचगव्य घ्यायला लावलं, महिनाभर पंगतीत बसू दिलं नाही, ही आमची घरातली गोष्ट. मला ती अर्धी थापच वाटायची. ग्वाल्हेरच्या राजाकडे जहाज कुठलं? समुद्र आठशे किलोमीटरवर!

रात्री जेवणानंतर बंगलोरच्या नातीने विचारलं, "आबा, या बोटीचं नाव एम्प्रेस का आहे?" मी म्हटलं, असेल काहीतरी. ही 1990 साली फ्रान्समध्ये बांधलेली, तेव्हाचं नाव नॉर्डिक एम्प्रेस. त्यावर दादा एकदम म्हणाले, "अण्णांच्या जहाजाचं आधीचं नावही एम्प्रेसच होतं. एम्प्रेस ऑफ इंडिया." इतकी वर्षं हे त्यांनी कधी सांगितलं नव्हतं, की आम्हीच ऐकलं नव्हतं कोण जाणे.

घरी आल्यावर मी बसलो शोधायला. बँकवाला माणूस, व्हाउचर पाहिल्याशिवाय एन्ट्री मानत नाही. आणि मंडळी, दादांची एन्ट्री बरोबर निघाली. जे कळलं ते इथे मांडतो.

एम्प्रेस ऑफ इंडिया हे जहाज इंग्लंडमधल्या बॅरो इथे बांधलं गेलं, 1890 साली पाण्यात उतरलं. मालक कॅनेडियन पॅसिफिक रेल्वे. तिच्या तीन बहिणी-बहिणी होत्या, एम्प्रेस ऑफ इंडिया, ऑफ जपान आणि ऑफ चायना. रंग पांढरा शुभ्र. हाँगकाँग, जपान ते कॅनडातलं व्हँकुव्हर अशी टपाल आणि प्रवासी घेऊन फेरी. लांबी साधारण 139 मीटर, नोंदणीचा आकडा 5,905 टन. आम्ही गेलो ती 211 मीटर आणि 48 हजार टनांच्या वर. म्हणजे आठपट. पण त्या काळी पॅसिफिकवर तिचाच थाट.

आता पुढचं वाचून मी खुर्चीवरून उठलोच. 1893 च्या जुलैत याच जहाजाने योकोहामाहून व्हँकुव्हरला स्वामी विवेकानंद गेले. तिथून पुढे आगगाडीने शिकागो. आणि त्याच फेरीत जमशेटजी टाटाही होते. पुढे 1898 साली जमशेटजींनी स्वामीजींना पत्र लिहिलं, त्यात त्या सहप्रवासाची आठवण काढून आपल्या विज्ञान संस्थेच्या कामात त्यांची मदत मागितली. तीच संस्था 1909 मध्ये बंगलोरला उभी राहिली. आमचा मुलगा रोज तिच्या फाटकासमोरून ऑफिसला जातो!

1914 ला महायुद्ध सुरू झालं. आपले माधवराव महाराज तेव्हा सदतीस-अडतीस वर्षांचे. यंत्रांचं त्यांना भारी वेड. जेवणाच्या टेबलावरची चांदीची आगगाडी आपण सगळ्यांनी जयविलासात पाहिली आहे, आणि छोटी लाईन तर आपण त्यातून श्योपुरला जाऊन अनुभवली आहे. जहाजाचा अनुभवही त्यांना नवा नव्हता. चीनमध्ये बॉक्सर बंड झालं तेव्हा त्यांनी एक रुग्णालय-जहाज दिलं होतं आणि स्वतःही तिकडे गेले होते. या वेळी त्यांनी एम्प्रेस ऑफ इंडिया विकत घेतलं. या कामात भोपाळच्या बेगम आणि इतर संस्थानिकांचाही हात होता. जानेवारी 1915 मध्ये नाव बदलून ठेवलं "लॉयल्टी", म्हणजे राजनिष्ठा. आज आपल्याला ते नाव खटकेल. पण त्या काळचे संस्थानिक इंग्रजांशी कसे वागत, ते त्या एका नावात आहे. खाटा, औषधं, डॉक्टर घेऊन ते जखमी शिपायांची ने-आण करू लागलं. अण्णांचं पांढरं जहाज ते हेच.

युद्ध संपलं. आता इतक्या मोठ्या जहाजाचं करायचं काय? ठेवायचं तर कोळसा आणि खलाशांचा खर्च. ते विकायला निघालं. ही बातमी सोलापूरच्या वालचंद हिराचंदांना कळली. रेल्वेची कंत्राटं घेणारा गृहस्थ, जहाजाचा धंदा त्यांनी केलेला नव्हता. पण नरोत्तम मोरारजी वगैरे मंडळींना बरोबर घेऊन त्यांनी 1919 च्या मार्चमध्ये कंपनी काढली आणि लॉयल्टी घेतलं. कंपनीचं नाव सिंधिया स्टीम नॅव्हिगेशन. मालक मुंबईचे, नाव आपल्या दरबाराचं. आम्ही पोरं समजायचो की ती महाराजांचीच कंपनी!

5 एप्रिल 1919 ला लॉयल्टी मुंबईहून इंग्लंडला निघालं. त्याआधी चिदंबरम् पिल्लै यांनी 1906 साली तुतिकोरीन-कोलंबो स्वदेशी बोटी चालवल्या होत्या, इंग्रज कंपन्यांनी आणि सरकारने त्यांना बुडवलं. पण भारतीय मालकीचं मोठं जहाज थेट इंग्लंडपर्यंत नेणं ही वेगळीच बाब होती. म्हणूनच 1964 पासून 5 एप्रिल हा राष्ट्रीय सागरी दिन. दरवर्षी तो साजरा होतो, आणि त्यात ग्वाल्हेरचा वाटा आहे हे ग्वाल्हेरातच कुणाला ठाऊक नाही.

ताळेबंद पाहिला तर लॉयल्टी तोट्याचा सौदा. जहाज जुनं, कोळसा खाणारं. 1923 मध्ये ते मोडीत निघालं, मुंबईतच. त्याच साली इंग्रज जहाज कंपन्यांनी दरयुद्ध करून सिंधियाला करारात बांधून टाकलं. तरी कंपनी टिकली. तिनेच विशाखापट्टणमला जहाजांचा कारखाना काढला. 1941 मध्ये राजेंद्रप्रसादांच्या हस्ते पायाभरणी, आणि 1948 च्या मार्चमध्ये नेहरूंनी तिथलं "जलउषा" पाण्यात सोडलं. आज तो सरकारी हिंदुस्थान शिपयार्ड आहे.

यातलं विक्रीपर्यंतचं दादांना जहाजावरच ठाऊक होतं, अण्णांकडून ऐकलेलं. दुसऱ्या रात्री आम्ही दोघं वरच्या डेकवर बसलो होतो. मुलं खाली गाण्याच्या कार्यक्रमाला. वारा इतका, की दादांची शाल मला धरून ठेवावी लागत होती. मी घराचा विषय काढला नव्हता. तेच म्हणाले, "अण्णांना फार वाईट वाटलं होतं रे, जहाज विकलं तेव्हा. पण मग म्हणायचे, चांगल्या हातात गेलं." थोडा वेळ गप्प. मग म्हणाले, "विकायला हरकत नाही. कुणाला विकतो ते बघ."

मी म्हटलं, "दादा, बिल्डर जास्त देतोय."

"तू बँकेत होतास, तुला आकडा आधी दिसणारच," दादा म्हणाले. "मला नको तो माणूस. तुळशीवृंदावन पहिल्या दिवशी फोडेल."

दादा पुढच्या श्रावणात गेले. घर आम्ही त्यानंतर विकलं, शेजारच्याच गल्लीतल्या एका शिक्षक कुटुंबाला. बिल्डरपेक्षा अकरा लाख कमी मिळाले. मुलांनी एका शब्दाने विरोध केला नाही, कारण जहाजावरचं ते बोलणं मी सगळ्यांना सांगितलं होतं. त्यांनी मागची भिंत बांधली, पुढचं अंगण तसंच ठेवलं. गेल्या दिवाळीत मी गेलो तर वृंदावनापाशी पणती होती. मला आत बोलावलं, चहा दिला. मी बाहेर आलो तेव्हा डोळे भरले होते, ते चष्म्यावर ढकललं.

अण्णांची पत्र्याची ट्रंक बंगलोरच्या नातीने मागून घेतली. तिला मराठी वाचता येतं, अडखळत का होईना. तिच्यासाठीच हे मुद्दाम सगळं लिहून काढलं.

जाता जाता आपल्या कंपूबद्दल. हा शब्द छावणीसाठीचा, फिरंगी भाषेतून आलेला. महादजींनी कवायती पलटणी उभ्या केल्या त्यांना "कंपू" म्हणत. पुढे दौलतरावांनी इथे तळ दिला आणि लष्कर वसलं. म्हणजे आपण सगळे मुळात छावणीतली माणसं. तंबू कधी ना कधी उठायचाच.

ज्यांच्या घरी लॉयल्टी जहाजावर गेलेल्या कुणा आजोबा-पणजोबांची गोष्ट, फोटो, बिल्ला किंवा कागद असेल, त्यांनी खाली जरूर लिहावं. आपल्या मागे हे सांगणारं कुणी उरणार नाही.