विच्छेदनाला नकार : कॅलिफोर्नियातील कायद्याची पार्श्वभूमी

विसाव्या शतकात अमेरिकेतील शालेय जीवशास्त्राच्या प्रयोगशाळेत बेडकाचे विच्छेदन हा नेहमीचा पाठ होता. 1987 मध्ये कॅलिफोर्नियातील व्हिक्टरव्हिल येथील पंधरा वर्षांच्या जेनिफर ग्रॅहम या विद्यार्थिनीने तो करण्यास नकार दिला. शिक्षणासाठी प्राण्यांचा जीव घेणे तिच्या नैतिक श्रद्धेत बसत नव्हते. या नकाराचा परिणाम तिच्या श्रेणीवर झाला आणि प्रकरण संघराज्य न्यायालयात गेले. 1988 मध्ये न्यायाधीशांनी नैसर्गिकरीत्या मेलेला बेडूक वापरण्याचा तोडगा सुचवला.

फ्लोरिडाने 1985 मध्येच विद्यार्थ्यांना विच्छेदनातून सूट दिली होती. 1988 मध्ये कॅलिफोर्नियानेही बारावीपर्यंतच्या विद्यार्थ्यांसाठी कायदा केला. त्यानुसार विच्छेदनाचा पाठ असलेल्या वर्गात नकाराच्या हक्काची माहिती शिक्षकाला द्यावी लागते. विद्यार्थ्याने नैतिक आक्षेप कळवून पालकांची चिठ्ठी आणायची असते. शिक्षकाला योग्य वाटल्यास तितक्याच वेळेचा व श्रमाचा पर्यायी प्रकल्प देता येतो. हा हक्क वापरल्याबद्दल विद्यार्थ्याशी भेदभाव करता येत नाही.

प्रारूपे, चित्रफिती आणि संगणक-प्रणाली उपलब्ध झाल्याने पर्याय देणे सोपे झाले. बेडकाच्या विच्छेदनाचा आभास घडवणारा ‘ऑपरेशन फ्रॉग’ हा संगणकीय कार्यक्रम 1980 च्या दशकातलाच. भारतात विद्यापीठ अनुदान आयोगाने 2011 मध्ये प्राणिशास्त्रातील विच्छेदन टप्प्याटप्प्याने कमी करण्याची मार्गदर्शक तत्त्वे दिली. 2014 मध्ये पदवी व पदव्युत्तर अभ्यासक्रमांतून ते थांबवण्यास सांगितले.